स्नोशूइंगची सुरुवात: घाम, वेळ आणि उतार यांचा हिशेब

मांडीभर ताज्या बर्फात नुसत्या बुटांनी पन्नास पावलं टाकून पाहा. पाय आत जातो, तो उपसून काढायचा, पुढे टाकायचा, की पुन्हा आत. पन्नास पूर्ण होण्याआधीच छाती भात्यासारखी चालायला लागते, आणि मागे वळून पाहावं तर निघालो ती जागा हाकेच्या अंतरावरच असते. स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट, हा या अडचणीवरचा उपाय, आणि तो फार जुना आहे. आल्प्समध्ये इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या गुर्गलर आइसयोख या खिंडीतल्या हिमनदीवर २००३ साली बर्चच्या लाकडाचा एक स्नोशू सापडला. त्याचा काळ ठरला इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० च्या दरम्यानचा. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी तर हे काम कलेच्या पातळीला नेलं: वाकवलेल्या लाकडाची चौकट आणि तिच्यात कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांची जाळी. दाट जंगलात वळायला सोपे म्हणून अस्वलाच्या पंजासारखे आखूड आणि गोल, उघड्या मैदानासाठी लांबट आणि टोकदार. जपानमध्ये याच कामासाठी ‘कांजिकी’ वापरत.

यामागचं गणित सोपं आहे. सत्तर किलोचा माणूस एका पायावर आला की त्याचा सगळा भार बुटाखालच्या साधारण २५० चौरस सेंटिमीटर जागेवर पडतो. त्याच पायाला मध्यम मापाचा स्नोशू बांधला तर ही जागा हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे दाब जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. तरीही पाय थोडा रुततोच. बर्फावरून तरंगत जाऊ अशा आशेने आलेल्यांचा पहिल्या दहा मिनिटांत विरस होतो. मऊ बर्फात घोट्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत पाय जाणार. मांडीपर्यंत जात नाही, एवढाच फायदा, आणि तो पुरेसा आहे.

ज्याला चालता येतं त्याला स्नोशूइंग येतं, असं म्हणतात. ते खरं आहे आणि घोळही तिथेच होतो. स्कीइंग शिकताना माणूस पडून पडून आपोआप सावध होतो. इथे पहिल्या तासातच सगळं जमल्यासारखं वाटतं, आणि जमतंय म्हणून लोक लांब जात राहतात. म्हणून या लेखात पाऊल टाकण्याबद्दल थोडं आणि घाम, वेळ, उतार यांच्याबद्दल जास्त सांगणार आहे.

स्नोशू निवडताना

पहिल्या दोन-तीन वेळा भाड्याने घ्या. आपल्याला कुठल्या प्रकारच्या बर्फात फिरायला आवडतं हे कळल्याशिवाय विकत घेण्यात अर्थ नाही.

माप बुटाच्या नंबरावर ठरत नाही, वजनावर ठरतं. वजन म्हणजे घरच्या काट्यावरचं नव्हे. कपडे, बूट आणि पाण्यासकट भरलेली पाठपिशवी धरून जे होईल ते. हे ८० किलोच्या आत असेल तर साधारण २२ ते २५ इंच लांबीचे, ८० ते १०० किलोंना ३० इंची, आणि त्यापुढे ३५-३६ इंची. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, तो पाहून घ्या. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर बर्फाला विचारा: मळलेल्या, दाबलेल्या वाटेवर जाणार असाल तर लहान, ताज्या भुसभुशीत बर्फात जाणार असाल तर मोठं. ‘जरा मोठेच घेऊ, कामाला येतील’ हा विचार इथे महागात पडतो. पायाला बांधलेलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, आणि तीन किलोमीटरची वाट म्हणजे हजारो पावलं.

चौकट दोन तऱ्हेची मिळते. ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट आणि मध्ये ताणलेलं कापड, किंवा अख्खाच्या अख्खा कडक प्लास्टिकचा साचा. प्लास्टिकचे दणकट असतात, पण कडक झालेल्या बर्फावर खडखडाट फार करतात. शांततेसाठी जंगलात जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. तळाला पंजाखाली आणि टाचेखाली लोखंडी दात असतात. सपाट वाटांसाठी बनवलेल्या जोडीत ते बोथट आणि कमी, डोंगराच्या जोडीत लांब आणि कडेनेही. सपाट वाटेची जोडी घेऊन डोंगर चढायला जाऊ नका.

पाय जिथे बांधला जातो त्या बिजागरीकडेही बघा. एका प्रकारात स्नोशूचं शेपूट मोकळं खाली लोंबतं, त्यामुळे वर साचलेला बर्फ आपोआप घसरून पडतो आणि चढावर पंजा रोवता येतो. दुसऱ्या प्रकारात पट्टा ताणलेला असतो, शेपूट टाचेबरोबर वर येतं. ओंडका ओलांडायला हे सोपं, पण प्रत्येक पावलाला मागून पोटऱ्यांवर बर्फ उडतो. टाचेखाली उभी करता येणारी तारेची कडी असेल तर उत्तमच. तीव्र चढावर तिच्यावर टाच टेकते आणि पोटऱ्यांचा जीव वाचतो.

एक परीक्षा मात्र दुकानातच घ्या. जाड हातमोजे घालून पट्टे लावा, घट्ट करा, सोडा. तिथे जमलं नाही तर उणे दहा अंशांत, वाऱ्यात, वाकून तर मुळीच जमणार नाही.

कपडे, म्हणजे खरं तर घाम

माझ्या पहिल्या फेरीला मी असतील नसतील तेवढे कपडे अंगावर चढवले होते. पहिल्याच चढावर टोपीतून वाफा निघायला लागल्या. वर पोचल्यावर फोटो काढायला दहा मिनिटं थांबलो, आणि पाठीला चिकटलेला ओला शर्ट बर्फासारखा गार झाला. त्या फोटोत मी दात दाखवून हसतोय असं वाटतं. ते हसू नाही.

स्नोशू बांधून चालणं ही साध्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त मेहनत आहे आणि शरीर भट्टीसारखं तापतं. म्हणून निघताना थोडी थंडी वाजत असेल एवढेच कपडे घाला. दहा मिनिटं चाललात की थांबा आणि घाम यायच्या आत एक थर काढा. घाम आल्यावर काढून उपयोग नाही. थांबायचं असेल तेव्हा उलट: थंडी वाजण्याची वाट न पाहता जाकीट आधी चढवा, मग पाण्याची बाटली काढा.

थर तीन. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, मध्ये फ्लीससारखं ऊब धरणारं काहीतरी, वरून वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती काहीही नको, अंतर्वस्त्रंसुद्धा नकोत. सूत घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही आणि ओलं झालं की ऊब सोडतं. जीन्स घालून आलेला माणूस गटात असला तर फेरी आखूड करा, सरळ.

बूट घोटा झाकणारे आणि पाणी आत न घेणारे हवेत. खास वेगळे लागत नाहीत. मोजे लोकरीचे, एकच जोडी. ऊब मिळावी म्हणून दोन जोड्या कोंबल्या तर पाय आवळतो, रक्त नीट पोचत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. बुटाच्या तोंडातून बर्फ आत जाऊ नये म्हणून पोटरीवर गेटर्स, म्हणजे बुटाच्या वरपर्यंत येणारी आवरणं, बांधा. बोटं वेगळी नसलेले हातमोजे जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना तापवतात. पण कुठलेही घाला, एक सुकी जोडी पिशवीत ठेवा.

गॉगल ही हौस समजू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, आणि दर हजार मीटर उंचीला हे किरण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. उघड्या डोळ्यांनी दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, हे हिमांधत्व. ऊन खालूनही येतं, म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावायचं. हे मला नाक सोलवटल्यावर कळलं.

हातात आणि पाठीवर

काठ्या घ्याच. उंची अशी की टोक बर्फावर टेकल्यावर कोपर काटकोनात राहील. खालची चकती रुंद हवी, उन्हाळ्यातली बारीक चकती असेल तर काठी बर्फात गायब होते.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, उलटी ठेवली की गोठलेला भाग बुडाशी राहतो आणि झाकण मोकळं. नळीतून प्यायच्या पिशव्या टाळा, नळी आधी गोठते. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून ठरवून प्या. खाऊ असा घ्या जो गोठून दगड होणार नाही. सुकामेवा चालतो, काही चॉकलेटं दातांची परीक्षा घेतात. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ, कारण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. याशिवाय डोक्याला बांधायचा दिवा, शिट्टी, कागदी नकाशा, चिकटपट्टी आणि तुटलेला पट्टा बांधायला दोन-चार प्लास्टिकचे टाय. बसायला फोमचा तुकडा घ्या. वजन नगण्य, सुख अपार.

वाट आणि घड्याळ

पहिली वाट खुणा केलेली, जंगलातली, जवळपास सपाट आणि एकूण तीन-चार किलोमीटरची असू द्या. एवढ्याशा अंतराचं काय, असं वाटेल. उन्हाळ्यातल्या चालण्यासाठी गिर्यारोहक जुना ठोकताळा वापरतात: पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. स्नोशूवर नवख्याने येणारं उत्तर निदान दुप्पट धरावं, आणि पुढे कोणी वाट मळलेली नसेल तर त्याहूनही जास्त.

हिवाळ्यात दिवस लहान असतो, म्हणून निघण्याआधी परतायची वेळ ठरवा. ठिकाण नव्हे, वेळ. अकराला निघालात आणि तीनच्या आत गाडीपाशी यायचं असेल, तर एक वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं, समोर माथा शंभर पावलांवर दिसत असला तरी. येताना आपलीच मळलेली वाट मिळते म्हणून वेळ कमी लागतो, पण ती बचत राखीव समजा, आधीच खर्च करू नका. आणि कुठे चाललोय, कधी परत येणार हे मागे राहिलेल्या एका माणसाला सांगा.

बांधणं आणि चालणं

सपाट जागा बघून स्नोशू बर्फावर ठेवा. बकला बाहेरच्या बाजूला आल्या पाहिजेत. आत आल्या तर एकमेकींत अडकून तोंडावर पाडतात. पंजाचा फुगीर भाग बरोबर बिजागरीवर ठेवा. बुटाचं टोक पुढच्या भोकाच्या कडेला घासत असेल तर पाय मागे घ्या. आधी पुढचा पट्टा, मग वरचा, शेवटी टाचेचा. टाच उचलली की वर यायला हवी, पट्टा टाचेमागून जातो पण ती स्नोशूच्या तळाला बांधलेली नसते. दहा मिनिटांनी पट्टे पुन्हा आवळा, ते ढिले होतातच.

चालताना पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून टाका. फार नको, नाहीतर संध्याकाळी कमरेतून कळा येतात. पाय पुढे नेताना दुसऱ्या स्नोशूच्या कडेवरून उचलून न्यायचा, एवढंच ध्यान. पहिलं पडणं बहुतेक स्वतःच्याच स्नोशूवर पाय दिल्याने होतं. मागे-मागे चालायला जाऊ नका, शेपूट रुततं आणि आपण पाठीवर. वळायचं तर जागा असेल तिथे मोठा फेरा घ्या.

पडलात तर धडपडू नका. कुशीवर वळा, गुडघ्यांवर या, दोन्ही काठ्या फुलीसारख्या बर्फावर आडव्या ठेवून त्यांच्या मध्यावर हात टेका आणि उठा. नुसता हात टेकला तर तो खांद्यापर्यंत आत जातो.

ताज्या बर्फात सगळ्यात पुढचा माणूस वाट मळत असतो आणि सगळ्यांत जास्त दमतोही तोच. त्याने दर काही मिनिटांनी बाजूला होऊन बाकीच्यांना पुढे जाऊ द्यावं आणि शेवटी लागावं. गटातला सगळ्यात ताकदवान माणूस ‘मला काही होत नाही’ म्हणत पुढेच राहतो आणि तासाभराने सर्वांत आधी घामाने भिजतो.

चढावर बर्फ मऊ असेल तर बुटाचं टोक आत हाणून पायरी करा आणि तिच्यावर उभे राहा. बर्फ कडक असेल तर हाणून काही होत नाही. तळवा पूर्ण टेकवून सगळे दात रुतू द्या. उतरताना गुडघे वाकलेले, काठ्या पुढे, भार किंचित टाचांवर. फार मागे रेललात तर बसकण मारून खाली याल. उताराला आडवं चालणं स्नोशूला मानवत नाही, पाय सारखा खालच्या बाजूला मुरगळतो. अशी वाट टाळता आली तर टाळा, सरळ वर किंवा सरळ खाली जाणं बरं.

उतार

स्नोशू तुम्हाला अशा ठिकाणी सहज पोचवतात जिथे पोचायला पूर्वी अनुभव लागत असे. त्यामुळे हिमस्खलनाचं थोडं तरी समजून घेतल्याशिवाय खुणांच्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. डोळ्यांना हा अंदाज येत नाही. तीस अंश पाहताना फार वाटत नाहीत. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. नसेल तर एकसारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक उतारावर अगदी उभी धरा. दुसरी तिला टेकवून चढाच्या दिशेने आडवी धरा आणि तिचं टोक बर्फाला लागेपर्यंत खाली-वर करा. टोक लागलं तेव्हा आडवी काठी उभीच्या बरोबर मध्यावर असेल तर उतार सुमारे २७ अंशांचा आहे. मध्याच्या वर असेल तर त्याहून तीव्र, आणि तिथे नवख्याचं काम नाही.

आपण सपाट जागी आहोत म्हणजे सुटलो असंही नाही. वरचा उतार सुटला तर तो खाली येऊनच थांबतो, आणि तुम्ही तिथेच डबा उघडून बसलेले असता. खालून जाणाऱ्या वाटेवर वर काय आहे हे बघायची सवय लावा.

हिमप्रदेशांत हिमस्खलनाचं बुलेटिन निघतं. युरोप आणि उत्तर अमेरिकेत धोक्याच्या पातळ्या १ ते ५ असतात. ३ मधोमध दिसतो म्हणून लोकांना तो ‘ठीकठाक’ वाटतो, आणि सर्वांत जास्त बळी याच पातळीच्या दिवसांत जातात. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला बाहेर पडतात. जागेवर काय बघायचं? जवळपास नुकतंच काही कोसळलेलं दिसणं, पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज, पायापासून धावत जाणारी भेग, नुकताच झालेला भरपूर हिमवर्षाव किंवा जोराचा वारा, अचानक वाढलेली ऊब. यातलं एक जरी दिसलं तरी आल्या पावली मागे.

उतारांवर जाणारे लोक ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि बर्फात खुपसून माणूस शोधायची शोधकाठी जवळ बाळगतात, कारण गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ संपलेली असते, सोबत्यांनीच उकरावं लागतं. ही तीन साधनं विकत घेतली पण वापरायला शिकला नाहीत तर ते नुसतं ओझं आहे. आधी प्रशिक्षण.

आणखी दोन जागा ओळखून ठेवा. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांखाली, खोडाभोवती बर्फ भुसभुशीत राहतो आणि खोल खड्डा लपलेला असतो. झाडाच्या अगदी जवळून जाऊ नका. गोठलेलं तळं पाहून शॉर्टकटचा मोह होतो. चालायला स्वच्छ, कडक बर्फाची किमान दहा सेंटिमीटर जाडी लागते. पण वर हिम पडलेलं असलं की ते पांघरुणासारखं काम करतं, खालचा थर जाड होऊ देत नाही आणि आपल्याला तो दिसूही देत नाही. कडेने जा.

सोबतचा माणूस अडखळायला लागला, शब्द चघळत बोलायला लागला, साधी चेन लावता येईना आणि विनाकारण चिडचिड करायला लागला, तर तो शरीराचं तापमान उतरल्याचा इशारा आहे. त्याला विचारू नका, तो ‘मी ठीक आहे’ असंच म्हणेल. आडोशाला न्या, ओले कपडे बदला, शुद्धीत असेल तर गोड गरम काहीतरी द्या आणि मागे फिरा. गालावर किंवा नाकावर पांढरा बधिर डाग दिसला तर तो हिमदंशाची सुरुवात; उबदार तळहात नुसता धरून ठेवा. बर्फाने चोळणं हा जुना सल्ला घातक आहे.

वाटेवरचे इतर

स्कीच्या दोन समांतर खाचा दिसल्या तर त्यांच्यावरून चालू नका, शेजारून स्वतःची वाट करा. त्या खाचा बनवायला मेहनत लागते, आणि आपल्या एका फेरीत त्या मातीमोल होतात. हिवाळ्यात प्राणी जेमतेम साठलेल्या चरबीवर तग धरून असतात. त्यांना पळायला लावलं तर ती चरबी खर्च होते. हरणाचा फोटो लांबूनच काढा.

परत आल्यावर

स्नोशू आपटून बर्फ झाडा आणि खोलीत मोकळे ठेवून वाळवा, हीटरला टेकवून नाही. ओले दात गंजतात. रिव्हेट आणि पट्टे एकदा तपासा. तुटायचे ते पुढच्या वेळी अर्ध्या वाटेवरच तुटतात.

दुसऱ्या दिवशी मांडीच्या वरच्या टोकाला, जांघेजवळ दुखेल. पाय उचलून पुढे नेणारे ते स्नायू एरवी एवढं काम करत नाहीत. फ्रेंचमध्ये स्नोशूला ‘राकेत’ म्हणतात, टेनिसच्या रॅकेटला म्हणतात तेच, आणि कॅनडात दिवसचे दिवस स्नोशूवर चालणाऱ्या फ्रेंच भाषिकांनी पायाच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) सुजण्याच्या दुखण्याला ‘माल द राकेत’ असं नावच दिलं होतं. नवख्याचं दुखणं सहसा दोन-तीन दिवसांत जातं. घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचत राहिलं तर पुढची फेरी आठवडाभर पुढे ढकला, आणि तेव्हा पायाच्या वरचा पट्टा एक खाच सैल बांधा.